शेर गेला, पावशेर राहिला

इसवी सन १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने वजनमापांसंबंधी एक कायदा संमत केला आणि संमत करून तो दप्तरात बांधून ठेवला. त्यातील मुख्य कलम असे होते की, वजनाचे मूळ परिमाण शेर हेच राहावे, परंतु त्या शेराचा भार फ्रान्स देशात ठरलेल्या किलोग्रॅमइतका असावा. म्हणजे नाव एतद्देशीय आणि भार परका, अशी ती तडजोड होती. तिचा अंमल कधीच झाला नाही. पुढे पंचाऐंशी वर्षांनी, १९५६ च्या कायद्याने, स्वतंत्र भारताच्या संसदेने किलोग्रॅमला त्याच्या नावासकट आणले आणि शेराला नावासकट निरोप दिला. आणि मग जे जुन्या सरकारच्या कलमबहाद्दरांना साधले नव्हते ते रयतेने कोणताही ठराव न करता, केवळ बोलण्याच्या ओघात, साधून घेतले. आज मंडईत गिऱ्हाईक पावशेर भेंडी मागते, भाजीवाली पारड्यात अडीचशे ग्रॅमचे वजन टाकते, आणि या व्यवहारात काही विसंगती आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही.

जुन्या व्यवस्थेबद्दल हळहळणाऱ्यांनी ती व्यवस्था एकदा नीट पाहावी. एकट्या मणाचेच उदाहरण घेतले तर मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, सुरतेचा सव्वासदतीस पौंडांहून किंचित अधिक, मद्रासेचा पंचवीस पौंडांचा आणि बंगालचा ब्याऐंशी पौंडांच्या वर. तेव्हा मणभर माल गलबतातून एका बंदराहून दुसऱ्या बंदरी गेला म्हणजे वाटेत तो घटे किंवा फुगे, आणि त्या घटीफुगीत ज्याचा हिशेब पक्का त्याचे भले होई. शिवाय तोलाचा मण वेगळा आणि मापाचा मण वेगळा. तोलात चाळीस शेरांचा मण. धान्याच्या मापात चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. शेराच्या खाली मापटे, चिपटे, कोळवे अशी प्रत्येक पायरीवर निम्म्याने उतरणारी भांडी असत. निम्मे करणे हे डोळ्याला आणि हाताला सहज जमते, दहावा भाग काढणे जमत नाही. जुन्या कोष्टकांचे सारे रहस्य इतकेच आहे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हीदेखील त्याच निम्म्या-निम्म्याची संतती होय, आणि तिच्याच पायी पावकी, निमकी, पाऊणकीपासून अडीचकी, औटकीपर्यंतचे पाढे घोकण्यात मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांची सकाळ खर्ची पडली.

तोलाच्या बाजूस मात्र एक सोय अशी होती की तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. कंपनी सरकारने १८३५ पासून पाडलेला रुपया १८० ग्रेनांचा, आणि तितक्याच वजनाचा तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर. तेव्हा दुकानदाराच्या शेराविषयी संशय आला तर दुसऱ्या पारड्यात ऐंशी रुपये मोजून ठेवले की निवाडा तेथल्या तेथे होई. ज्याच्या गाठीला ऐंशी रुपये नाहीत त्याने काय करावे, याचे उत्तर मात्र त्या कोष्टकात नव्हते.

धान्य खळ्यावर मोजले जाई, आणि तेथे पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याचा रिवाज होता. मोजणारा राशीत माप खुपसून भरी आणि वर शीग चढवी. दाणे चारी अंगांनी ओघळू लागले की माप भरले. आता शीग किती चढावी हे कोष्टकात लिहिलेले नसे. घेताना सावकाराचे माप शिगोशीग भरे आणि देताना तेच माप काठावर सपाट होई. माप एक, शिक्का एक, तरी पायली दोन. मापांच्या इतिहासात राजे आणि कायदे यांनाच फार मान मिळतो, पण माझ्या मते त्याचे खरे सूत्र या शिगेत आहे : माप कोणते, यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न रयतेच्या दृष्टीने नेहमीच वडील ठरला.

जमिनीच्या बाबतीत तर हात हेच माप होते. शिवकालीन पाहणीची काठी पाच हात आणि पाच मुठींची, एकूण ब्याऐंशी तसूंची असल्याचे बखरकार सभासदाने नोंदविले आहे. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पुढे इंग्रजी अंमलात प्रिंगलसाहेबाची पाहणी फसल्यावर १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी आरंभिली, आणि तिच्यातून एक चमत्कारिक संकर जन्मास आला. इंग्रजांची गंटर साखळी सहासष्ट फुटांची. तिचे अर्ध केले, तेहतीस फुटांच्या त्या तुकड्याचे सोळा आणे पाडले, आणि तेहतीस फूट औरसचौरस जागेला गुंठा म्हटले. असे चाळीस गुंठे म्हणजे विलायतेचा बरोबर एक एकर. एकर बाहेरचा, आणे घरचे. आता सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटरांहून किंचित अधिक, इतका निकटचा योग जुळून आल्यामुळे शेतकऱ्याने आर वाचावे आणि गुंठा म्हणावे, हे ओघानेच झाले. बांधावरचे भांडण आजही गुंठ्यानेच होते.

ज्यांना कोणत्याही सरकारने कधी हात लावला नाही अशीही मापे होती. विहिरीची खोली परसांनी सांगावयाची, आणि परस म्हणजे हात उंच करून उभा राहिलेला पुरुष. सकाळची वेळ सांगावयाची ती ‘कासराभर दिवस वर आला’ अशी. बैलाचा कासरा क्षितिजावर उभा धरला असता जेवढा भरेल तेवढा सूर्य चढला, हे ज्याने प्रथम म्हटले त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. अंतराला हाक होती. कोळणीच्या पाटीत कोळंबीचा वाटा असतो, त्याला तराजू लागत नाही. तो वाढवून मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आणि नाक मुरडून दोन कोळंब्या वर टाकणे हा कोळणीचा धर्म.

बदल झाला तो टप्प्याटप्प्याने. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत दशमान वजने आली आणि १९६२ पर्यंत जुनी वजने व्यवहारातून कायद्याने बाद झाली. एवढ्या अवाढव्य देशात, बहुसंख्य लोक निरक्षर असताना, पाचसहा वर्षांत हे घडून यावे ही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंडला अजून मैल सोडवत नाही.

पण वजने जप्त करता आली, तोंडे जप्त करता आली नाहीत. जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा, नवा अडीचशेचा. येथे गिऱ्हाइकाचा फायदाच झाला. सोन्यात उलटे झाले. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तर आज पेढीवर तोळा म्हटले की दहा ग्रॅम समजावयाचे. त्यामुळे आजेसासूबाईंच्या दहा तोळ्यांच्या पाटल्या आज मोजल्या तर साडेअकरा तोळ्यांच्या वर भरतात, आणि घरात गुंजभर सोने न आणता तोळे वाढल्याचे समाधान मिळते. लुगडे नऊवारीच राहिले. त्याला सव्वाआठ मीटरी म्हणण्याचे धाडस कोणत्याही दुकानदाराने केलेले ऐकिवात नाही. शेराचा आठवा हिस्सा असलेला नवटाक हा तर दारूबंदीच्या काळात मुंबईच्या गुत्त्यांतून असा काही बोकाळला की, तेल-तुपाशी असलेला त्याचा सोज्ज्वळ संबंध लोक विसरून गेले.

आणि कापूस. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे अठ्ठावीस पौंडी मणाने अठ्ठावीस मणांची ठरली होती. इतर जिनसांची खंडी वीस मणांची, कापसाचीच अठ्ठावीसांची. आज गाठ बांधली जाते ती १७० किलोंची, शेतकरी कापूस विकतो तो क्विंटलने, आणि रुईचा भाव मात्र पुकारला जातो खंडीला, जी आता ३५६ किलोंची मानतात. खंडीचे वजन म्हणून कोणत्याही वखारीत आज काही ठेवलेले नसते. भाव तेवढा रोज निघतो.