तारेची गाठ हवेशी

होटगी हे सोलापूरपासून सुमारे १५ किलोमीटरवरचे रेल्वे जंक्शन. मुंबईहून वाडीकडे जाणारा ब्रॉडगेज लोहमार्ग आणि विजापूर-गदगकडे जाणारा मीटरगेज मार्ग येथे शंभराहून अधिक वर्षे एकत्र येत. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर धावू शकत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. माल तोच, गाडी निराळी. आता गदगचा मार्गही ब्रॉडगेज झाला आहे. पण ती जुनी अदलाबदल वेगळ्याच ठिकाणी आपल्याला पुन्हा भेटते.

शाळेत वाय-फाय येते, पण जुन्या संगणकाला फक्त तार खोचण्याची जागा असते. मग हा संगणक निरुपयोगी समजायचा का? उत्तरासाठी आपण होटगीच्याच लोहमार्गाने मुंबईच्या दिशेने दौंडपर्यंत जाऊ या.

१९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. मार्कोनी यांच्या 'बीम' पद्धतीत लघुलहरी चहूकडे न पसरता एका दिशेने झोताप्रमाणे सोडल्या जात. भारताचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. आपल्याच प्रेषकाच्या जोरदार लहरींत दुरून आलेला क्षीण संदेश बुडू नये, म्हणून ही दोन केंद्रे एकमेकांपासून दूर ठेवली होती.

गंमत अशी की, संदेश देणारे लोक यांपैकी कोणत्याच केंद्रात नसत. ते मुंबईत असत. समजा, सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने १९२८ साली लंडनला बिनतारी मार्गाने संदेश पाठवला. तो तारेने मुंबईला जाई. तेथून जमिनीवरच्या तारेने विजेचे ठोके खडकीला पोचत. तेथे 'रिले' हा खटका असे. तारेतून आलेला क्षीण प्रवाह विद्युतचुंबक चालवी आणि तो चुंबक दुसऱ्या मंडलाची जोड-तोड करी. त्या तालावर लहरी सुटत. इंग्लंडमधील ग्रहण केंद्रापासून लंडनपर्यंत पुन्हा तारच! उलट दिशेचा संदेश दौंडला उतरे, तारेने मुंबईला जाई आणि मग पुन्हा तारेनेच सोलापूरकडे येई.

म्हणजे 'बिनतारी' म्हणवणाऱ्या या सेवेची दोन्ही टोके तारेचीच होती. सोलापूरच्या तारमास्तराचे यंत्र बदलावे लागले नाही. त्याला लघुलहरींचे ज्ञानही लागले नाही. तार आणि हवा यांच्या सीमेवर एक दुभाषा बसवला, एवढेच.

आजच्या वाय-फायमध्ये हेच तत्त्व आहे. त्याचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. तारेच्या जाळ्यात माहितीचे छोटे गठ्ठे एका प्रकारच्या वेष्टनात जातात, वाय-फायमध्ये दुसऱ्या प्रकारच्या. 'वायरलेस ब्रिज' नावाची लहान पेटी एक वेष्टन काढून दुसरे चढवते. आतला मजकूर तसाच राहतो. होटगीची अदलाबदलच ही! शिवाय वाय-फायला संकेतशब्द सांगावा लागतो. तारेच्या संगणकाला तो सांगता येत नाही. त्याच्या वतीने पेटी सांगते.

कृती सोपी आहे. पेटी तारेने संगणकाला जोडावी. तिच्या मांडणीत 'क्लायंट' किंवा 'ब्रिज' हा प्रकार निवडावा. आपल्या जाळ्याचे नाव आणि संकेतशब्द भरावा. पेटी मात्र जेथे वाय-फाय नीट पोचते तेथे ठेवावी. लोखंडी कपाटामागे ठेवली तर लहरी अडतात. काही घरगुती राउटरमध्येही ही सोय असते. म्हणून नवी पेटी घेण्याआधी शाळेतला जुना राउटर तपासून पाहावा.

भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिने शिकवलेली गोष्ट टिकून आहे. नवे जाळे आले म्हणून जुने यंत्र लगेच मोडीत काढावे लागत नाही; दोघांमध्ये योग्य दुवा हवा. वर्गात हे दाखवायचे असेल तर एका मुलाने बाकावर ठोके द्यावेत, दुसऱ्याने ते ऐकून तसाच विजेरीचा उजेड पाडावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मुलाने तो टिपून घ्यावा. मग विचारावे : मधल्या मुलाला संदेशाचा अर्थ कळणे आवश्यक होते का?