मांडीवरच्या वहीची कुळकथा

नाशिकला रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांसमोर बसण्याचा प्रसंग आला असेल, तर हे तुम्हीही पाहिलं असेल. गुरुजी आधी दोनच गोष्टी विचारतात : मूळ गाव कोणतं आणि आडनाव काय. मग उठून कपाटातली वंशावळीची वही काढतात, पानं उलटतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी अशीच पहिल्यांदा पाहिली. शाई तपकिरी झालेली, कागद कडांनी विरलेला, पण नाव स्पष्ट.

त्या दिवशीची एक गोष्ट मनात राहिली. गाव सांगताच कोणती वही काढायची हे गुरुजींना क्षणात कळलं. वेळ गेला तो वही कपाटातून पाटावर येण्यात. डोकं तल्लख होतं, पण वही लांब होती.

भाचीने लॅपटॉपचं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं, तेव्हा हेच आठवलं. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. रोज बस बदलून कॉलेजला जायचं, म्हणून लहान आणि हलका लॅपटॉप हवा होता. नाशिकच्या दुकानदाराने दोन पर्याय लिहून दिले होते. एकात वरच्या दर्जाचा प्रोसेसर, पण साठवण २५६ जीबी. दुसऱ्यात साधा प्रोसेसर, साठवण ५१२ जीबी आणि रॅम दुप्पट. किंमत जवळपास सारखी. “मावशी, यातलं काय घेऊ?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सोयरीक जुळवताना कूळ बघतात ना, तसं याचंही बघू.”

लॅपटॉप दोन कुळांच्या सोयरिकीतून आला. त्यातलं साठवणीचं कूळ थोरलं. आयबीएमने १९५६ साली फिरत्या तबकड्यांचं पहिलं साठवण-यंत्र बाजारात आणलं. रामॅक नावाच्या संगणकाचा तो भाग. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनाच्या घरात आणि सगळं मिळून साठवण जेमतेम ५० लाख अक्षरांची. आज फोनवर काढलेला एक चांगला फोटोही त्यात मावायचा नाही. धाकटं कूळ प्रोसेसरचं. इंटेलने १९७१ साली एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीसाठी ४००४ ही चिप बनवली. तिच्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि ती नखावर मावत होती. एक कूळ मोठ्या कपाटाएवढं, दुसरं नखाएवढं. लहान संगणकाची पुढची सगळी अडचण या विजोडपणातून आली.

लहान संगणकाचं स्वप्न मात्र मुलांसाठी पाहिलं गेलं. अ‍ॅलन के या अमेरिकन संशोधकाने १९७२ मध्ये डायनाबुकची कल्पना मांडली : वहीएवढा, दोन किलोंच्या आतला, मुलाला काखेत मारून नेता येईल असा संगणक. त्याच्याकडे फक्त पुठ्ठ्याचा नमुना होता.

दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, ग्रिड कंपास आला. झाकणासारखा उघडणारा पडदा आणि खाली कळफलक, ही लॅपटॉपची आजची ठेवण त्याने रूढ केली. बिल मॉग्रिज हे त्याचे रचनाकार. वजन पाच किलोंच्या आसपास, प्रोसेसर इंटेलचा ८०८६, किंमत ८,००० डॉलरच्या वर. पण माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आत होती. त्यात फिरती तबकडीच नव्हती. साठवण होती ती बबल मेमरीवर, म्हणजे चुंबकीय बुडबुड्यांवर, आणि तीही साडेतीनशे किलोबाइटच्या आसपास. आतला एकही भाग हलत नसल्यामुळे तो धक्के सोसायचा. अमेरिकेने तो अंतराळयानातही नेला. पुढच्याच वर्षी आलेल्या टीआरएस-८० मॉडेल १०० मध्येही तबकडी नव्हती. टॉर्चच्या चार लहान सेलवर चालणारं ते दीड किलोच्या आतलं यंत्र बातमीदारांनी वर्षानुवर्षं खांद्याला लावून फिरवलं. मुळातला लहान लॅपटॉप असा तबकडीवाचून जन्मला.

मग तबकडी आली कुठून? स्वस्ताईतून. बबल मेमरी महाग होती आणि तिची क्षमता अपुरी पडायला लागली. तबकडी आकसत अडीच इंचांवर आली आणि तिच्यावर दर मेगाबाइटला पडणारा खर्च भराभर उतरत गेला. पुढची वीस वर्षं लॅपटॉप तिच्यावरच चालला.

ती तबकडी मी एकदा उघडी पाहिली आहे. तेव्हा मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन-येऊन काम करत होते. सकाळच्या गाडीत जागा मिळाली की मांडीवर लॅपटॉप उघडायचा, हा नेम. एकदा कसारा घाटात तो मांडीवरून सरकला आणि चालू असतानाच खाली पडला. उचलला तेव्हा आतून टक-टक आवाज येत होता. नाशिकला परतल्यावर एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यांनी तबकडीचं झाकण काढून दाखवलं. आरशासारखी चकचकीत चकती, तिच्यावर ग्रामोफोनच्या पिनेसारखी बारीक भुजा आणि चकतीवर केसाएवढा गोल चरा. “मॅडम, ही भुजा चकतीला टेकत नाही, तरंगते. चालू असताना टेकली की संपलं,” ते म्हणाले. हे तरंगणं काही नॅनोमीटर अंतरावरचं असतं, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. मांडीवर ठेवायच्या वस्तूत आपण इतकी नाजूक यंत्रणा वर्षानुवर्षं बाळगत होतो. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅडमध्ये पडण्याची चाहूल घेणारा सेन्सर बसवला, तो याच भुजेला वेळीच बाजूला नेण्यासाठी.

नाजूकपणाइतकाच तिचा संथपणा नडतो. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा भुजेखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, त्यात भुजा हलायचा वेळ मिळवायचा. प्रोसेसरच्या हिशेबात हा काळ युगासारखा. गुरुजी पाटावर तयार बसलेले आणि वही मात्र गावातून बैलगाडीने येतेय, अशी गत.

यातून सुटका केली ती फ्लॅश मेमरीने. जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. १९८४ मध्ये त्यांनी तिची पहिली मांडणी केली आणि १९८७ मध्ये नँड ही शाखा जगापुढे ठेवली. साठवलेलं सगळं एका झपाट्यात पुसता येतं, ते पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव पडलं. वीज गेली तरी अक्षर टिकतं आणि आत काहीही फिरत नाही.

इथे या कुळकथेचा एक धागा आपल्या अंगणात येतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. फाळणीत पंजाबातून आलेलं कुटुंब. दिल्लीत इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत गेले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये रुजू झाले. पेंटियमचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९९३ मध्ये आलेल्या त्या प्रोसेसरमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. पण त्याआधी इंटेलच्या पहिल्या फ्लॅश मेमरी तंत्राचे, ईटॉक्सचे, ते सहशोधक होते, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांची ती नॉर शाखा. आज लॅपटॉपमधल्या आपल्या फाइली राहतात नँड शाखेवर, आणि बटण दाबताच यंत्राला जागं करणाऱ्या सूचना राहतात नॉर शाखेच्या एका बारीक चिपमध्ये. भाचीच्या कोटेशनवरच्या दोन्ही ओळींशी, प्रोसेसरशी आणि साठवणीशी, पुण्यात जन्मलेल्या एकाच माणसाचं नातं आहे. याचा मला अभिमान वाटतो. भारत सरकारने त्यांना २०२५ मध्ये पद्मभूषण दिलं.

फ्लॅश लॅपटॉपमध्ये यायला मात्र वेळ लागला. १९९१ मध्ये सॅनडिस्कने (तेव्हाचं नाव सनडिस्क) थिंकपॅडसाठी २० मेगाबाइटची फ्लॅश साठवण दिली, तिची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. ही किंमत खाली यायला पुढची पंधरा वर्षं गेली. मग २००७ उजाडलं आणि लहान लॅपटॉपचा पुनर्जन्म झाला.

त्यातला पहिला पुन्हा मुलांसाठीच होता. मॅसॅच्युसेट्सच्या मीडिया लॅबमधल्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ही मोहीम काढली. त्यांचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप दीड किलोच्या आतला, पंखा नसलेला आणि तबकडी नसलेला. प्रोसेसर अवघा ४३३ मेगाहर्ट्झचा, फ्लॅश साठवण १ जीबी. भारतातला त्याचा पहिला प्रयोग महाराष्ट्रात झाला : रायगड जिल्ह्यात, कर्जत भागातल्या खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत, २००७ च्या ऑक्टोबरमध्ये. वीस-बावीस मुलं, एक खोली आणि प्रत्येकाच्या हातात लॅपटॉप. अ‍ॅलन केचं पुठ्ठ्याचं स्वप्न पस्तीस वर्षांनी आपल्या सह्याद्रीच्या कुशीत उघडलं गेलं.

त्याच महिन्यात तैवानमध्ये असूसने ई-पीसी विकायला काढला. पडदा सात इंच, वजन किलोच्या आत, फ्लॅश ४ जीबी. त्यातला प्रोसेसर मुळात ९०० मेगाहर्ट्झचा, पण तो मुद्दाम ६३० वर चालवला होता. लहान अंगात उष्णता मावत नाही आणि बॅटरीही लहान असते, म्हणून. ही गोष्ट भाचीला मी दोनदा सांगितली.

२००८ च्या जानेवारीत अ‍ॅपलचा मॅकबुक एअर आला. त्याच्यासाठी इंटेलने प्रोसेसरचं वेष्टन ६० टक्क्यांनी आकसलं. ग्राहकापुढे दोन निवडी होत्या. प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झ, की ३०० डॉलर जास्त देऊन १.८? साठवण ८० जीबीची फिरती तबकडी, की ९९९ डॉलर जास्त देऊन ६४ जीबी फ्लॅश? आमच्या भाचीपुढचा पेच तेव्हाच छापून आला होता. त्याचं उत्तर कंपनीने २०१० मध्ये स्वतःच दिलं. त्या वर्षीच्या एअरमधून तबकडीचा पर्यायच काढून टाकला.

आता आपल्या हिशेबाकडे येऊ. प्रोसेसर म्हणजे गुरुजींचं डोकं, रॅम म्हणजे समोरचा पाट आणि एसएसडी (आजची फ्लॅश साठवण) म्हणजे वह्यांचं कपाट. पाटावर दोनच वह्या मावत असतील, तर तिसरी काढताना एक परत ठेवावी लागते. डोकं कितीही तल्लख असलं तरी हेलपाटे चुकत नाहीत. म्हणून आज १६ जीबी रॅम घ्यावी. हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा मदरबोर्डवर डाग देऊन पक्की केलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

साठवणीत आधी जात बघा. ‘ईएमएमसी’ लिहिलं असेल तर ती स्वस्तातली आणि संथ. ‘एनव्हीएमई एसएसडी’ हवी. सुटी, एम.२ खाचेत बसणारी असेल तर पुढे बदलता येते, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. ५१२ जीबी विकत घेतली की पडद्यावर ४७७ च्या आसपास दिसते. ती फसवणूक नसते, मोजण्याची रीत वेगळी असते. शिवाय ड्राइव्ह काठोकाठ भरला की लिहिण्याचा वेग मंदावतो, म्हणून थोडी जागा मोकळीच ठेवावी लागते. २५६ मध्ये ती मोकळीक राहत नाही.

प्रोसेसर निवडताना नावापेक्षा वॉट बघा. पातळ लॅपटॉपसाठी १५ वॉटच्या आसपासचे प्रोसेसर असतात, जाडजूड लॅपटॉपसाठी ४५ वॉटचे. हलक्या अंगात वरचा प्रोसेसर पहिली काही मिनिटं पळतो, मग तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. जास्तीचे पैसे त्या काही मिनिटांसाठी जातात. रोज व्हिडिओ संपादन किंवा मोठे त्रिमितीय आराखडे करायचे असतील, तर हलका लॅपटॉपच घेऊ नये, थोडं वजन सोसावं.

भाचीने साधा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी घेतली. पन्नास वर्षांची कुळकथा हेच सांगते. लहान लॅपटॉप जेव्हा जेव्हा नीट जमला, तेव्हा करणाऱ्याने आधी साठवणीचा प्रश्न सोडवला आणि प्रोसेसर अंगाला झेपेल एवढाच घेतला. तुम्हीही दुकानात शिरण्याआधी हाच क्रम कागदावर लिहून घ्या : आधी रॅम आणि साठवण, शेवटी प्रोसेसर.