जाळ्यासाठी धागा निवडताना

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडचा परिसर खडकपूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. याच नदीवर देऊळगाव मही येथे धरण असून त्याचा जलाशय संत चोखामेळा यांच्या नावाने ओळखला जातो. अशा नद्या आणि जलाशयांवर उपजीविका करणाऱ्या भोई व अन्य मच्छीमार कुटुंबांत जाळे बांधण्याचे आणि दुरुस्तीचे काम आजही घरीच होते. यंत्रावर विणलेली जाळी बाजारात तयार मिळते. पण ती दोरीवर चढविणे, शिसे लावणे आणि फाटलेला भाग सांधणे हे हातानेच करावे लागते. त्यासाठी कोणता धागा घ्यावा, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी हाती येणारी मासळी आणि जाळ्याचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

सुतापासून नायलॉनपर्यंत

पूर्वी जाळी सूत, ताग किंवा अंबाडीच्या धाग्याची असत. हे धागे पाण्यात कुजतात. त्यामुळे जाळे वरचेवर वाळवावे लागे आणि झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावे लागे. कोकणात त्यासाठी ऐनाची साल वापरत. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉनचा शोध लागला आणि पुढील काही दशकांत जगभरची जाळी बदलली. भारतात या बदलाला दिशा देण्यात कोची येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे.

आकड्यांचा अर्थ

धाग्याच्या रिळावर २१०/१/२ किंवा २१०/२/३ असे आकडे दिसतात. २१० हे मूळ तंतूचे डेनियर होय. नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. पुढचे आकडे पदर आणि पीळ सांगतात. २१०/२/३ म्हणजे दोन तंतूंचा एक पदर आणि असे तीन पदर एकत्र पिळलेले, एकूण सहा तंतू. २१०/१/२ मध्ये केवळ दोनच तंतू असतात.

धागा वजनावर विकला जात असल्याने हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. एक किलो २१०/२/३ धाग्याची लांबी सुमारे साडेसहा ते सात हजार मीटर भरते. तेवढ्याच वजनाचा २१०/१/२ धागा त्याच्या जवळपास तिप्पट लांब असतो. म्हणजेच गरजेपेक्षा जाड धागा घेणारा त्याच पैशांत लहान जाळे विकत घेत असतो.

अनेक तंतू पिळून केलेल्या धाग्याखेरीज एकाच अखंड तंतूचा पारदर्शक धागाही मिळतो. मच्छीमार त्याला ‘तंगूस’ म्हणतात. त्याचे माप मिलिमीटरमधील जाडीवर असते, ०.१६ मि.मी. जाडीचा तंगूस सर्रास वापरला जातो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

मजबूत म्हणजे उत्तम नव्हे

नवखा माणूस सर्वांत मजबूत धागा मागतो. अनुभवी मच्छीमार मात्र अपेक्षित मासा पेलेल असा सर्वांत बारीक धागा शोधतो. पाण्यात उभे सोडलेले जाळे माशाच्या नजरेस किंवा स्पर्शास जाणवू नये, यावर त्याचे यश अवलंबून असते. जाड धागा दिसतो, ताठ राहतो आणि मासा त्याला वळसा घालून जातो. अतिबारीक धागा मासा पकडतो खरा. पण मोठ्या कटल्याच्या धडकेने तुटतो आणि पाण्याखालील खुंटांना अडकून लवकर फाटतो.

पाण्याचा रंगही पाहावा लागतो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात पिळाचा धागा चालून जातो. हिवाळ्यात पाणी निवळले की बारीक तंगूस सरस ठरतो. फेकजाळ्याचे गणित आणखी वेगळे असते. ते हाताने फेकायचे, ओढायचे आणि दगडधोंड्यांवर घासणारे असल्याने तेथे टिकाऊपणाला अधिक महत्त्व द्यावे लागते.

जाळे दोरीला बांधण्याचा धागा नेहमी जाळ्याच्या धाग्यापेक्षा जाड घ्यावा. ताणलेले शंभर मीटर जाळे साधारणपणे पन्नास मीटर दोरीवर चढवतात, म्हणजे त्याचे आस, अर्थात धाग्यांमधील घरे, नीट उघडी राहतात. या बांधणीवर सतत ओढ पडते. दुरुस्तीसाठी मात्र मूळ जाळ्याच्याच जातीचा आणि जाडीचा धागा हवा. जाड ठिगळाशेजारचा बारीक धागा आधी तुटतो.

घरच्या घरी पारख

धागा कशाचा आहे हे दोन सोप्या चाचण्यांतून कळते. तुकड्याला घट्ट गाठ मारून, हवेचे बुडबुडे निघून जातील असा चोळून तो पाण्याच्या भांड्यात सोडावा. पाण्याहून जड असलेले नायलॉन बुडते, पॉलिथिलीन तरंगते. टोकाला ज्योत लावल्यास नायलॉन वितळून त्याचा मणी बनतो. सूत कागदासारखे जळून राख होते.

ताकद नेहमी ओल्या आणि गाठ मारलेल्या धाग्याची तपासावी. नायलॉन भिजल्यावर त्याची ताकद साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते आणि गाठीपाशी ती आणखी उतरते. धागा तासभर भिजवून, मध्ये जाळ्याची गाठ घालून ताणकाट्याला बांधावा आणि हळूहळू ओढावा. तुटताना काट्यावर दिसणारा आकडा हाच त्याचा खरा भार. तंगूस गुळगुळीत असल्याने त्यावर साधी गाठ सरकते; तेथे दुहेरी गाठ आवश्यक असते.

नायलॉन कुजत नाही, परंतु उन्हाने कमजोर होते. म्हणून जाळे सावलीत वाळवावे व झाकून ठेवावे.

धाग्यामागची जबाबदारी

न कुजणे हा नायलॉनचा गुण तसाच दोषही आहे. सुती जाळे पाण्यात हरवले तर काही महिन्यांत नष्ट होई. हरवलेले नायलॉनचे जाळे मात्र दीर्घकाळ मासे, कासवे आणि बुडी मारणारे पाणपक्षी अडकवत राहते. त्यांचा उपयोग कोणालाच होत नाही. जाळे वरच्या तरंगत्या दोरीला सुती धाग्याने बांधणे हा त्यावरील एक उपाय आहे. जाळे हरवल्यास सूत कुजते, जाळे खाली बसते आणि त्याचा सापळा बहुतांशी मोडतो. सूत दर हंगामाला बदलावे लागते, एवढीच त्याची तोशीस. तुटलेले तंगुसाचे तुकडे काठावर न टाकता गोळा करून आणणे तर विनाखर्चाचे आहे.

आसाचा आकारही धाग्याइतकाच विचारपूर्वक निवडावा. बारीक आसाचे जाळे लहान मासे वाढीपूर्वीच काढून घेते. आजची टोपली त्याने भरते. पण पुढील हंगामात त्याच पाण्यावर अवलंबून असलेल्या घरांची चूल अडचणीत येते. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. हौसेखातर जाळे बांधणाऱ्यांनीही पाण्यात उतरण्यापूर्वी संबंधित संस्थेची परवानगी घ्यावी.