दुपारची झोप: नगरी हिशेब

दिवसाच्या झोपेबाबत जुने शास्त्र लोक समजतात तितके कडक नाही. चरकसंहितेने ती कफ-पित्त वाढवणारी ठरवली, पण ग्रीष्म वगळून. उन्हाळ्यात रात्री लहान आणि शरीर कोरडे पडते, म्हणून तेव्हा मुभा. ओझे वाहून किंवा वाट चालून थकलेले, म्हातारे आणि मुले यांना तर बारमाही सूट. बसल्या बसल्या काढलेली डुलकीही संहितेला चालते. नेवाशात 1290 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, गीतेला धरून, झोप मोजकी असावी एवढेच सांगितले आहे. रामदासांनी दासबोधात मात्र निद्रेवर आख्खा समास लिहून घोरण्या-बरळण्याची यथेच्छ थट्टा केली.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेची दुपार रानात काढणे अवघड. निजामशाहीने त्यावर 1583 मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महाल उभा केला, तोही तलावाच्या मधोमध. शेतकऱ्याला लिंबाची सावली पुरे. पहाटे औत धरून उन्हाच्या आत सोडायचे, भाकरी खाऊन अंग टाकायचे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा कामाला लागायचे, असा हा क्रम. त्याला आळस म्हणणारा बहुधा स्वतः सावलीतच बसलेला असे.

साखर कारखान्यांनी हे घड्याळ मोडले. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखाना सुरू झाला, पुढे जिल्हाभर कारखाने झाले. हंगामात गाळप थांबत नाही. कामगार पाळीप्रमाणे झोपतो. ऊसतोड्याची झोप त्याहून तुटक. अंधारात फडात उतरायचे, मोळ्या बांधून गाडी भरायची आणि कारखान्यावर नंबर लागेपर्यंत टायरगाडीखाली चिपाडावर आडवे व्हायचे. रांग पुढे सरकली की उठायचे, बैल जुंपायचे. कोपीवर, म्हणजे तोड्याच्या झोपडीवर, परतलेल्या बाईच्या वाट्याला मात्र तेवढेही नाही. चूल आणि पाणी तिची वाट पाहत असतात.

नंतर वीज आली आणि शेतीपंपांना ती आठवड्याआड रात्रीची मिळू लागली. बॅटरी घेऊन, विंचू-सापाची नि अलीकडे बिबट्याची धास्ती घेत रात्रभर दारे धरणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा, शेतकरी दिवसा झोपतो, कारण दुसरी वेळच उरत नाही. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा होता, आणि तिच्या पहिल्या गावांत याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धी होते. सौर वाहिनीवर पंप उन्हातच चालतो. तिथे रात्रीची दारे सुटतात आणि दुपारची झोप पुन्हा जेवणानंतरच्या घटकाभरावर येते.