कच्चे मडके, पक्के कार्ड

औंढा नागनाथहून आमच्या वर्गात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला. मामाने परदेशातून आणलेली पोकेमॉनची जुनी कार्डे त्याला प्रतवारीसाठी अमेरिकेत पाठवायची होती. पीएसए, बेकेट की सीजीसी? या संस्था कार्डाच्या कडा, कोपरे, पृष्ठभाग आणि चौकटीतील छपाईची जागा पाहून 1 ते 10 अशी श्रेणी देतात व ते प्लॅस्टिकच्या कवचात बंद करतात. पुढे बाजारात भाव होतो तो बहुतांशी त्या आकड्याचाच. मराठी विभागात हा प्रश्न यावा याचे आधी हसू आले. मग लक्षात आले की पारखीच्या आपल्या सर्वांत प्रसिद्ध कथेचा शेवट या मुलाच्याच गावी होतो.

महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'ने (1762) घरोघर पोचवलेली ती कथा वाचकांस ठाऊक आहेच. तेरच्या गोरोबांनी मडकी थोपटण्याचे थापटणे संतांच्या डोक्यांवर चालवले. बाकीचे निमूट बसले, नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. विठ्ठलानेही निकाल फिरवला नाही. तेव्हा ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांचे पाय जिकडे हलवावेत तिकडे पिंडी उमटे.

येथे पारखणाऱ्याचे स्थान पाहण्यासारखे आहे. गोरोबांनी शुल्क घेतले नाही, आणि त्यांची कसोटी त्यांच्या रोजच्या धंद्यातली होती. सराफही रुपया वाजवूनच पाहत असे. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग तिथला. पेशवाईत सरकारी खजिन्यातील नाणी पारखणारा पोतदार असे. निजामी राजवटीत आमच्या मुलखात हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार असे दोन रुपये चालत. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. बट्टा किती हे सराफ सांगे, आणि त्यात त्याचाही लाभ असे, हे विसरता कामा नये. पण तो त्याच पेठेत बसलेला असे. नाणे खोटे निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर हजर!

अमेरिकेतील पारखी असा हाताशी नसतो. पीएसए 1991 मध्ये निघाली. तिने श्रेणी दिलेले पहिलेच कार्ड होते होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे, 1909 ते 1911 च्या दरम्यान तंबाखूच्या पाकिटांतून निघालेले. श्रेणी मिळाली 8. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला विकले गेले. 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की त्या कार्डाच्या कडा आपण कातरल्या होत्या. कच्चे मडके पहिल्याच दिवशी पक्के ठरले होते.

नामदेवांचे आणि कार्डाचे नाते इथे तुटते. कच्चा ठरलेला माणूस औंढ्याला जाऊन पक्का होऊ शकतो. कार्ड सुधारायला गेले की ते बनावट होते. त्याच्या नशिबी विसोबा नाहीत. म्हणून तिथे सारा भार पारख्यावरच पडतो. आणि त्याचे शुल्क तर कार्डाच्या किमतीनुसार चढते! 2024 मध्ये पीएसएच्या मालक कंपनीने एसजीसी ही प्रतिस्पर्धी संस्थाही विकत घेतली. पेठेतले एक दुकान त्याच मालकाकडे गेले.

त्या विद्यार्थ्यास आम्ही संस्थेचे नाव सांगितले नाही. निकाल चुकला तर संस्था भरपाई काय देते, ते हमीपत्र आधी वाच, म्हटले. तशाच कार्डाला प्रत्येक संस्थेच्या शिक्क्यासह प्रत्यक्ष विक्रीत काय मिळाले, ते पाहा. आणि टपाल, विमा, जकात व शुल्क यांची बेरीज एका कागदावर मांड. त्याने ती मांडली. अकरा कार्डांपैकी नऊ कार्डांच्या किमतीपेक्षा खर्चच अधिक भरला. उरलेल्या दोन कार्डांविषयी मामाला विचारून सांगतो, असे म्हणून तो औंढ्याची बस गाठायला निघाला.