तळटीप १७ : ‘मेहरूणचा गाळ, उद्याचा गॅस’

१७. मेहरूण : जळगाव शहराला लागून असलेला तलाव व परिसर, बोरांसाठी नावाजलेला. खानदेशातले पाणी तापीतून खंबातच्या आखातात जाते. तिथल्या समुद्रात तापीचेच नाव लावणारी ‘मध्य ताप्ती’ व ‘दक्षिण ताप्ती’ ही वायुक्षेत्रे होती (उत्पादन १९९७ ते २०१६). लेखकाचा रोख त्यांच्याकडे आहे. मात्र हिशेब फार घाईचा : तिथले वायुधारक वालुकाश्म सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्याही खाली दख्खनचा काळा पाषाण.

पुढच्या ओळीतले ‘गाडणीचे गणित’ संगणकावर उलटे मांडतात. वरचे थर एकेक करून उतरवायचे, दबलेला खालचा थर पुन्हा फुगवायचा, आणि तो कोणत्या काळी किती खोल व किती तापलेला होता हे काढायचे. खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. गाळातल्या सेंद्रिय द्रव्यापासून ६० ते १२० अंशांच्या दरम्यान तेल बनते, त्यापुढे मुख्यतः वायू.

तळ्याच्या चिखलातून निघणारे बुडबुडे निराळे. त्यांतला वायू म्हणजे सूक्ष्मजीवांनी बनवलेला मिथेन. त्याला एवढी उष्णता लागत नाही. असाच मिथेन खोल समुद्रात, थंडी आणि दाबामुळे, पाण्याशी बांधला जाऊन बर्फासारखा गोठतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६च्या मोहिमेत तो समुद्रतळाखालच्या चिकणमातीत सापडला. त्या खोऱ्यातली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते.