पात्रतेच्या अटी आणि आपले गाणे

पुरस्कार कोणाला मिळाला याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. पुरस्कार कोणाला मिळू शकतो, हे ज्या कागदावर ठरते तो कागद मात्र फारसा कोणी वाचत नाही. वयाची अट, शिफारशीचा अधिकार, कलाप्रकारांचे रकाने, पुराव्यांची यादी : वरवर पाहता ही सारी कारकुनी बाब. माझ्या मते प्रस्थापित सांस्कृतिक व्यवस्थेचा खरा जाहीरनामा या अटींतच लिहिलेला असतो. त्यात जातीचा उल्लेख नसतो. तो करण्याची गरजच उरलेली नसते.

जानेवारी १९५३ मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. १९५२ सालच्या पहिल्या पुरस्कारांचे मानकरी चार : मुश्ताक हुसेन खाँ, अल्लाउद्दीन खाँ, अरियकुडी रामानुज अय्यंगार आणि कराईकुडी सांबशिव अय्यर. चौघांच्या थोरवीशी माझा वाद नाही. वाद आखणीशी आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, गायन आणि वादन, असे चार चौकोन आधी आखले गेले. या देशातल्या बहुसंख्यांचे गाणे पुढे पारंपरिक, लोक आणि आदिवासी अशा एका गाठोड्यात बांधले गेले. त्यात संगीत, नृत्य, नाट्य आणि कळसूत्री बाहुल्याही आल्या. शिफारशीचा अधिकार अकादमीचे फेलो, आधीचे मानकरी अशा मंडळींकडे. म्हणजे जो आत आहे त्यानेच दार उघडायचे. ज्यांचे कोणी आत नाही, त्यांची शिफारस कोण करणार?

गाण्याबरोबर गाणाऱ्याची अब्रू तपासण्याची रीतही याच काळातली. सरदार पटेल माहिती व नभोवाणी खाते सांभाळत असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकनिंदेचा विषय आहे अशा गायक-गायिकांना नभोवाणीचे दार बंद झाले. मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती बसली. अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव दिले ते याच कोंडीत. ज्या स्त्रियांना समाजानेच चारित्र्याच्या चौकटीबाहेर ठेवले, त्यांच्याकडून चारित्र्याचा दाखला मागायचा, असा हा न्याय. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाई वाईकरांना १९७७ सालचा अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. हा गौरव त्यांचा स्वतःचा; अटी तशाच राहिल्या.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण आपण विसरता कामा नये. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातली ही लेक. १९५७ आणि १९९० असा दोनदा तिचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. जानेवारी २००२ मध्ये ती गेली, तेव्हा इस्पितळाचे बिल दात्यांच्या मदतीने भागवावे लागले. २००६ पासून महाराष्ट्र शासन तिच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देते. तो मिळालेल्यांबद्दल मला आदरच आहे. पण पदक मिळूनही औषधाला पैसे नसतील, तर त्या पदकाचा अर्थ काय?

पुरस्कार एका नावाला मिळतो, ही आणखी एक न बोललेली अट. तमाशाचा फड हा ढोलक्या, हलगीवाला, सुरते, सोंगाड्या आणि नाचणारी यांचा मिळून उभा राहतो. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे जन्माने ब्राह्मण. त्यांच्या नावाचा दबदबा आजही आहे. त्यांची कवने जिच्या गळ्यातून आणि पावलांतून महाराष्ट्रभर गेली ती पवळा जन्माने महार. लिहिणाऱ्याला इतिहासात पान मिळाले, गाणारीला तळटीप.

इथे आपल्यालाही एका अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागते. तमाशात आपल्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांची देणगी नाकारली, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. हलगी ही आपल्या बापजाद्यांची कला होती की वेठ? ती दोन्ही होती. देवळाबाहेर उभे राहून देवासाठी वाजवणाऱ्याला आज 'लोकपरंपरेचा वारसदार' म्हणून शाल पांघरली, की वेठ पुसली जाते आणि फक्त वारसा उरतो. परंपरेचा रकाना आपल्याला व्यवस्थेने जिथे ठेवले होते तिथेच गौरवतो.

त्या जागेवरून उठण्यासाठी आपण जे गाणे रचले, त्याचे काय? सत्यशोधक जलशाने आणि पुढे आंबेडकरी जलशाने तमाशातली गण-गवळण जशीच्या तशी ठेवली नाही. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आशय उलटा केला. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी वस्तीवस्तीत गायली जातात. कोणाची ते ठाऊक नसणारेही ती गातात. हे गाणे शास्त्रीय नव्हे. आणि परंपरा मोडूनच जन्मलेले, म्हणून परंपरागतही नव्हे. राज्य शासनाच्या सांस्कृतिक पुरस्कारांत शाहिरी, लोककला, तमाशा, कीर्तन असे रकाने आहेत. जलसा शाहिरीत कसाबसा बसवता येतो, पण त्याचे नाव तिथे उरत नाही.

मानधनाची गोष्टही याच जातकुळीची. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी राज्यात १९५४-५५ पासून योजना आहे. २०२४ पर्यंत तिच्यात कलावंतांच्या राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन प्रती होत्या. अखेरचे दर महिना ३१५०, २७०० आणि २२५० रुपये. २०२४ मध्ये सर्वांना सरसकट ५००० रुपये झाले, हे योग्यच झाले. भुकेला प्रत नसते. पण कलावंतपण कागदाने सिद्ध करायचे ही रीत कायम आहे. रात्रभर गॅसबत्तीच्या उजेडात गाणाऱ्याने कात्रणे कुठून आणायची? त्याचे कार्यक्रम वर्तमानपत्रांनी छापले कधी?

म्हणून आपली मागणी पुरस्कारांची नसावी, अटींची असावी. एका व्यक्तीबरोबर फडाला आणि गायन पार्टीला पात्र धरा. कात्रणांच्या जागी वस्तीची साक्ष पुरावा माना. जलशाला त्याच्या नावाचा रकाना द्या. निवड समितीत हलगी वाजवणारा आणि जलसा गाणारा बसवा. आणि चळवळीतल्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी शासनाची वाट न पाहता आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या जलसाकारांची नावे, गाणी, साथीदार आजच लिहून काढावेत. आपल्याजवळ आपली नोंद असेल, तरच दुसऱ्याच्या अटींशी भांडता येईल.